गप्प बाईची कादंबरी

अॅलेक्स मायकेलिडीस यांची 'द सायलेंट पेशंट' ही इंग्रजी कादंबरी फेब्रुवारी २०१९ मध्ये प्रसिद्ध झाली आणि 'न्यूयॉर्क टाइम्स'च्या खपाच्या यादीत थेट पहिल्या क्रमांकावर जाऊन बसली. लेखकाची ही पहिलीच कादंबरी. तेव्हापासून ती जगभर वाचली जाते आहे. आपल्याकडेही इंग्रजी वाचू लागलेल्या कॉलेजच्या मुला-मुलींच्या हातात, विशेषतः मुलींच्या हातात, हे पुस्तक हमखास दिसते. माझ्याकडेही ते एका माजी विद्यार्थिनीकडून आले. "टीचर, शेवट वाचून डोकं सुन्न होतं," अशी शिफारस तिने सोबत केली होती. डोके सुन्न झाले हे खरे, पण कारण वेगळे होते. ते सांगण्यासाठी हा लेखनप्रपंच.

लेखाच्या ओघात कादंबरीचे रहस्य फोडावे लागणार आहे. ज्यांना ती वाचायची आहे त्यांनी आधी वाचून घ्यावी, लेख कोठे पळून जात नाही.

कथानक थोडक्यात असे. लंडनमधील अॅलिशिया बेरेन्सन ही चित्रकार एका रात्री खुर्चीला हातपाय बांधलेल्या आपल्या नवऱ्याच्या, गॅब्रिएलच्या, चेहऱ्यावर पाच गोळ्या झाडते. त्यानंतर ती एक शब्दही बोलत नाही. पोलिसांशी नाही, वकिलाशी नाही, न्यायालयातही नाही. फक्त एक आत्मचित्र काढते आणि त्याला 'अल्सेस्टिस' हे नाव देते. तिला 'द ग्रोव्ह' नावाच्या, मनोरुग्ण गुन्हेगारांच्या बंदिस्त रुग्णालयात ठेवले जाते. सहा वर्षांनी थिओ फेबर नावाचा सायकोथेरपिस्ट, म्हणजे बोलण्यातून उपचार करणारा, तिला बोलते करायचे या एकाच जिद्दीने तेथे नोकरी धरतो. कथा तोच सांगतो. अधूनमधून अॅलिशियाची खुनाआधीची डायरी येते. शिवाय थिओच्या घरची एक गोष्ट चालू असते: त्याची बायको कॅथी ही नटी आहे, तिचे बाहेर प्रकरण आहे, आणि ते त्याला कळले आहे.

आधी पुस्तकाच्या पदरात जे टाकायला हवे ते टाकते. पुस्तक हातातून सुटत नाही. प्रकरणे दोन-चार पानांची, प्रत्येकाच्या शेवटी एक आकडा अडकवलेला. साताऱ्याहून सांगलीला येताना मी ते एसटीत उघडले आणि कराडच्या स्टँडवर गाडी किती वेळ थांबली हे मला कळले नाही. लेखकाने पटकथालेखनाचे रीतसर शिक्षण घेतले आहे, ते पानोपानी जाणवते. त्यांनी मानसोपचाराचाही अभ्यास केला आणि तरुण रुग्णांच्या एका बंदिस्त केंद्रात दोन वर्षे अर्धवेळ काम केले. म्हणजे हा माणूस अशा रुग्णांच्या शेजारी बसलेला आहे. निराशा म्हणूनच जास्त झाली. ज्याने पाहिलेच नाही त्याच्याकडून कोण अपेक्षा करील?

आता ते गाजलेले रहस्य. थिओ घरी बायकोची बेइमानी शोधतो आहे आणि रुग्णालयात अॅलिशियावर उपचार करतो आहे, या दोन गोष्टी एकाच वेळी चालू आहेत असे वाचक समजून चालतो. शेवटी कळते की त्या एका काळातल्या नाहीतच. त्यांच्यात सहा वर्षांचे अंतर आहे. कॅथीचा प्रियकर म्हणजे गॅब्रिएल. अॅलिशियाच्या घरावर पाळत ठेवणारा तो अनोळखी माणूस म्हणजे थिओ. त्या रात्री मुखवटा घालून घरात शिरणारा, दोघांना बांधणारा आणि गॅब्रिएलला "तू मरतोस की बायकोला मारू?" असे विचारणारा थिओच. गॅब्रिएल स्वतःचा जीव मागतो. थिओ निघून जातो आणि नवऱ्याच्या त्या उत्तराने कोसळलेली अॅलिशिया बंदूक उचलते.

हे वाचताना धक्का बसतो, यात शंका नाही. पण तो कसला धक्का आहे ते पाहिले पाहिजे. एखाद्या पात्राच्या मनाचा तळ अचानक दिसला म्हणून बसलेला हा धक्का नव्हे. प्रकरणांचा क्रम लेखकाने जाणूनबुजून सरमिसळ करून लावला होता, हे कळल्याचा हा धक्का आहे. दोन वर्षांची कॅलेंडरे एकाच खिळ्याला टांगायची आणि मग म्हणायचे, बघा, तुम्ही तारीख चुकलात! या युक्तीचा थिओच्या मनाशी काही संबंध नाही. थिओ आपल्याला उद्देशून बोलतो, लहानपणी बापाने केलेले हाल सांगतो, स्वतःच्या मनाची चिरफाड करतो. इतका आतून बोलणारा माणूस नेमकी हीच गोष्ट का लपवतो? कोणापासून? याचे उत्तर कादंबरीत मिळत नाही. कारण लपवतो आहे तो थिओ नव्हे, लपवतो आहे तो लेखक.

निवेदकच गुन्हेगार, ही कल्पना नवी नाही. अगाथा ख्रिस्ती यांच्या 'द मर्डर ऑफ रॉजर अॅक्रॉइड' (१९२६) मध्ये गावचे डॉक्टर शेपर्ड कथा सांगतात आणि खुनीही तेच निघतात. रहस्य फुटून शंभर वर्षे होत आली, तरी ते पुस्तक पुन्हा वाचवते. याचे कारण असे की डॉक्टरसाहेब खोटे बोलत नाहीत, फक्त दहा मिनिटांचा हिशेब देत नाहीत. आणि असे गाळून सांगणे हा त्या सभ्य, सावध, स्वतःवर खूश असलेल्या माणसाचा स्वभावच आहे. तेथे युक्ती आणि माणूस एकच आहेत. येथे थिओच्या पाठीवर युक्ती बाहेरून आणून बांधली आहे.

आपल्यापैकी ज्यांच्या घरात उर्दू जासूसी नाविल येत असत त्यांना वेगळे उदाहरणही आठवेल. इब्ने सफी यांचा इम्रान (ही मालिका १९५५ मध्ये सुरू झाली) सगळ्यांसमोर बावळट म्हणून वावरतो. गुन्हेगार फसतात, पोलीस फसतात, प्रत्यक्ष त्याचा बापही फसतो. वाचक मात्र फसत नाही. हा बावळटपणा पांघरलेला आहे हे आपल्याला ठाऊक असते आणि तरीही पुढे काय होणार म्हणून आपण पाने उलटत राहतो. वाचकाला विश्वासात घेऊनही उत्कंठा टिकवता येते, हे ज्या लेखकाने शेकडो पुस्तकांत दाखवून दिले त्याची गणना आपले समीक्षक अजून 'टाइमपास' या सदरात करतात. आणखी एक गोष्ट येथे नोंदवावीशी वाटते. इब्ने सफी स्वतः १९६० ते १९६३ या काळात गंभीर मानसिक आजारातून गेले. लिहिणे बंद पडले होते. बरे होऊन 'डेढ मतवाले' घेऊन ते परतले आणि पुढे १९८० मध्ये मृत्यू येईपर्यंत लिहीत राहिले. आजारी मन म्हणजे कायमचे बंद झालेले दार नव्हे, याचा दाखला आपल्याच शेल्फवर आहे. असो.

कादंबरीचे दुसरे दुखणे म्हणजे थिओचा पेशा. तो सायकोथेरपिस्ट म्हणून नेमला जातो आणि पहिल्या काही आठवड्यांतच गुप्तहेर होतो. रुग्णाच्या दिराच्या वकिली कार्यालयात जातो, तिची चित्रे विकणाऱ्याला भेटतो, केंब्रिजला तिच्या आत्याच्या घराभोवती फिरतो आणि डोक्यात फटका खातो. रुग्णाची गोपनीयता नावाची काही गोष्ट असते, हे त्याच्या गावीही नाही. आपल्या देशातसुद्धा २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने रुग्णाला गोपनीयतेचा हक्क दिला आहे. कथा इंग्लंडमधल्या एका नामांकित संस्थेत घडते आहे आणि तेथील वरिष्ठ त्याला फार तर रागावतात. थिओ मुळातच लबाड आहे, म्हणून तो नियम मोडतो, असा बचाव कोणी करील. थिओचे ठीक आहे. पण बाकीच्या डॉक्टरांचे काय? दुसरा एक डॉक्टर, ख्रिश्चन, खुनाआधी अॅलिशियावर खाजगीत उपचार करत होता आणि ते लपवून तिच्याच वॉर्डात काम करतो आहे! दीर वाईट नजरेचा, आतेभाऊ कर्जबाजारी, चित्रविक्रेता स्वार्थी. ज्याच्याकडे बोट दाखवावे तो संशयित. इतके संशयित उभे केले की एकालाही माणूस करायला जागा उरत नाही.

बी.एड.ला आम्हांला शैक्षणिक मानसशास्त्राचा पेपर होता. फ्रॉइड दहा मार्कांना, संरक्षण यंत्रणा टीपा लिहा म्हणून पाच मार्कांना. परीक्षेपुरते पाठ केलेले ते मानसशास्त्र आणि या कादंबरीतले मानसशास्त्र यांत मला फारसा फरक दिसला नाही. अॅलिशियाची आई मोटार अपघातात गेली. तेव्हा बाप म्हणाला की तिच्याऐवजी ही मुलगी का नाही मेली, आणि मुलीने ते ऐकले. नवऱ्याने जेव्हा स्वतःचा जीव मागितला तेव्हा तिच्या कानांत बापाचे तेच वाक्य वाजले. लेखकाने ही जोडणी सफाईने केली आहे. पण मग सारा माणूस त्या एका वाक्यात बसवून टाकला आहे. बापाचे एक वाक्य अधिक नवऱ्याचे एक वाक्य, बरोबर पाच गोळ्या. थिओचेही तसेच: मारकुटा बाप अधिक बेइमान बायको, बरोबर मुखवटा. मारकुट्या बापांची मुले माझ्या वर्गात दरवर्षी असतात. त्यांतला एक दांडगाई करतो, एक अभ्यासात डोके घालतो, एक सगळ्यांना हसवत राहतो. असे का होते हा खरा प्रश्न आहे, आणि मानसशास्त्रीय म्हणवणाऱ्या कादंबरीने निदान तो विचारायला हवा होता.

आता मूळ मुद्दा, अॅलिशियाचे मौन. पुस्तकाच्या नावातच ते आहे. चित्राला दिलेले नाव युरिपिडीस या ग्रीक नाटककाराच्या नाटकावरून घेतले आहे. हे नाटक इसवी सनपूर्व ४३८ मध्ये रंगभूमीवर आले. त्यात राजा अॅडमिटसच्या बदल्यात कोणी मरायला तयार झाले तर त्याचा जीव वाचणार असतो. म्हातारे आईबाप नकार देतात, बायको अल्सेस्टिस तयार होते. पुढे हेराक्लीस तिला मृत्यूकडून परत आणतो, पण परत आलेली अल्सेस्टिस नाटक संपेपर्यंत एक शब्द बोलत नाही. आपल्याकडच्या वाचकाला लगेच सावित्री आठवेल, पण फरक मोठा आहे. सावित्री यमाशी बोलते, वाद घालते, बोलूनच जिंकते. अल्सेस्टिस गप्प राहते आणि तिच्या गप्प राहण्याने नवऱ्याचा आनंद अवघडून जातो. ज्याच्यासाठी ती मेली त्याच्याशी आता काय बोलायचे? अडीच हजार वर्षांपूर्वीच्या त्या मौनात आजही एक बाई उभी दिसते. मायकेलिडीस यांनी ही उपमा निवडली तेथे त्यांची नजर चांगली होती.

पण निवडून केले काय? तिच्या मौनाची कुलूपबंद पेटी केली आणि किल्ली शेवटच्या पन्नास पानांपर्यंत स्वतःच्या खिशात ठेवली. अॅलिशिया सहा वर्षे गप्प आहे. त्या सहा वर्षांत तिला सकाळी उठावेसे वाटते का, अन्न गिळवते का, पाच गोळ्यांचा आवाज रात्री पुन्हा येतो का, बोलायचे नाही हे तिने ठरवले आहे की शब्दच येत नाहीत, यातले काही कादंबरीला नको आहे. डायरी आहे, पण ती मुख्यतः खुनाआधीची. त्या डायरीतही ती लांबलचक संवाद अवतरणचिन्हांसह जसेच्या तसे लिहिते. घाबरलेली बाई असे लिहीत नाही, पटकथाकार लिहितो. शेवटी ती बोलते तेव्हाही आधी एक बनावट हकीकत सांगते. आणि बोलल्यानंतर काय? थिओ तिला मॉर्फिनचे इंजेक्शन देऊन बेशुद्धीत ढकलतो. मग आपल्या लक्षात येते की लेखकाला बाई नकोच होती, साक्ष हवी होती.

हे मौन कसे लिहितात ते पाहायला लंडनपर्यंत जायची गरज नाही. विजय तेंडुलकरांच्या 'शांतता! कोर्ट चालू आहे' (१९६७) मधील लीला बेणारे, जी माझ्यासारखीच शाळामास्तरीण आहे, खेळातल्या खोट्या कोर्टात आरोपी केली जाते आणि हळूहळू तिची वाचा बंद पडते. तिचे गुपित अर्ध्या नाटकातच प्रेक्षकांच्या लक्षात येऊ लागते. तरीही पुढचा अंक पाहताना जीव घुसमटतो, कारण तिला गप्प करणारी माणसे डोळ्यांसमोर बसलेली असतात. शेवटी ती बोलते, पुष्कळ बोलते, पण मंचावरचे कोणी ऐकत नाही. ऐकतो तो प्रेक्षक. मायकेलिडीस यांच्या कादंबरीत गप्प करणारा माणूसच कथा सांगतो, हे मान्य. पण ते आपल्याला कळते तेव्हा पुस्तक संपत आलेले असते आणि अॅलिशियाचे पुन्हा काहीतरी समजून घ्यायला पाने उरलेली नसतात.

"एवढे काय मनावर घ्यायचे, करमणुकीचे पुस्तक आहे," असे कोणी म्हणेल. मी घेते, त्याचे कारण सांगते. आमच्या भागातील एक बाई, एका मुलीची आई, दुसऱ्या बाळंतपणानंतर बोलेनाशी झाली. घरचे म्हणत, नखरे आहेत. शेजारच्या म्हणत, काही तरी लागले आहे. आणि हीच कादंबरी वाचलेली एक शिकलीसवरलेली बाई मला हळूच म्हणाली, "काहीतरी लपवत असणार. त्याशिवाय कोणी असं गप्प बसत नाही." लागले आहे म्हणणारीला निदान दया तरी येत होती. या तिसरीला उत्सुकता होती. गप्प बाई म्हणजे रहस्य, आणि रहस्य म्हणजे कोणाचा तरी गुन्हा, हे तिला पुस्तकाने शिकवले होते. बाईला नैराश्य आले आहे, बाळंतपणानंतर अनेकींना ते येते आणि त्यावर इलाज आहे, हे समजायला घरच्यांना बरेच महिने लागले.

आमच्या मिरजेत दवाखाने आहेत आणि ख्वाजा मीरासाहेबांचा दर्गाही आहे. उत्तर कर्नाटकापासून सोलापूरपर्यंतची माणसे दोन्हीकडे येतात, आणि पुष्कळदा एकाच फेरीत दोन्हीकडे जातात. दर्ग्यात दुवा मागायला कोणाची हरकत असायचे कारण नाही. पण ६ ऑगस्ट २००१ रोजी तामिळनाडूतील एरवाडी येथे, दर्ग्याच्या आसऱ्याने चालणाऱ्या एका खाजगी निवासात आग लागली तेव्हा साखळदंडाने बांधलेले २८ मनोरुग्ण पळता न आल्याने जळून मेले, हे आपण मुसलमान वाचकांनी विसरू नये. २०१७ च्या कायद्याने मनोरुग्णाला साखळीने बांधण्यास मनाई केली. बेड्या लोखंडाच्या असतात तशा गोष्टींच्याही असतात. वेडा म्हणजे धोकादायक, गप्प माणूस म्हणजे लबाड, ही गोष्ट वारंवार सांगितली की शेजारी दार लावून घेतात आणि घरचे लोक माणसाला आत कोंडतात.

जाता जाता एलिफचा उल्लेख करायला हवा. 'द ग्रोव्ह'मधील ही तुर्की रुग्ण. अंगाने धिप्पाड, आवाजाने दणदणीत, सतत कोणाच्या तरी अंगावर जाणारी. ती अॅलिशियाचे चित्र विद्रूप करते आणि अॅलिशिया तिच्या डोळ्यात ब्रश खुपसते. त्या फुटलेल्या डोळ्याचे पुढे काय झाले, एलिफ कोठून आली, तिला तेथे का ठेवले, तिच्याशी तिच्या भाषेत कोणी बोलले का, याची चौकशी ना थिओ करतो ना लेखक. गोऱ्या, देखण्या, चित्रकार बाईच्या मौनाला आख्खी कादंबरी आणि तुर्की बाईच्या आरडाओरड्याला चार प्रसंग. यात लेखकाचा काही डाव आहे असे मी म्हणत नाही, बहुधा त्याच्या ध्यानातही आले नसेल. पण आपल्यासारख्या नावांच्या वाचकांच्या ध्यानात येते.

आणि कॅथी. थिओच्या तोंडून आपल्याला ती फक्त बेइमान, वरवरची, हसरी अशी दिसते. रहस्य उलगडल्यावर मी मागे जाऊन तिची पाने पुन्हा वाचली. विचार करा: या बाईचा प्रियकर सहा वर्षांपूर्वी मारला गेला, वर्तमानपत्रे त्या खुनाने भरून गेली, आणि तिला उघडपणे रडताही आले नाही, कारण रडायचे तर नवऱ्याला कारण सांगावे लागले असते. त्याच नवऱ्याने एके दिवशी घरी येऊन सांगितले असणार की मी आता अॅलिशिया बेरेन्सनवर उपचार करणार आहे. त्या संध्याकाळी जेवताना कॅथीचा हात थांबला का? तिने काही विचारले का? नवऱ्याला सगळे ठाऊक आहे असा संशय तिला कधी आला का, आणि आला असेल तर त्याच्या शेजारी ती झोपली कशी? मानसशास्त्रीय थरारकथा म्हणतात ती या स्वयंपाकघरात होती. कादंबरीने कॅथीसाठी शेवटी मोजक्या ओळी ठेवल्या आहेत, आणि त्याही थिओच्याच तोंडच्या.